माणसे : २

मीटरवर ‘माणसे : २’ असं उमटलं तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे फ्रीज होता.

चहा उकळत होता. शेगडीवरचा धूर बाहेर फेकणारा पंखा घुरघुरत होता. मी शेगडी, पंखा बंद केला आणि हातातली गाळणी तशीच धरून घर पाहून आलो. खोल्या दोनच आहेत आणि त्यांत कुणाला लपता येईल अशी जागा पुस्तकांनी शिल्लक ठेवलेली नाही. कोणी नव्हतं. परत आलो तोवर आकडा एकवर आला होता. मला वाटलं, चष्म्याचा दोष असेल. यंत्राचं आणि माझं जुळलं नाही की मी स्वतःलाच चुकीचं धरतो. आयुष्यभर बहुतेकदा ते बरोबरही निघालं आहे.

दुसऱ्या दिवशी चहा ठेवला आणि पुन्हा दोन.

चंद्रपुरात हवेचं मीटर नसलेलं घर आता शोधावं लागेल. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला सिमेंट आणि मध्ये आम्ही. काही हिवाळे असे गेले की डिसेंबरात शाळा उघडल्याच नाहीत. मग बंद इमारती बांधायचा नियम झाला. आमच्या इमारतीला खिडक्या आहेत, पण त्या उघडत नाहीत. ताजी हवा गच्चीवरच्या मोठ्या गाळण्यांतून गाळून नळीनं घरात येते. प्रत्येक घराला एकामागे एक अशी दोन दारं असतात; एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. त्यामुळे धूळ बाहेर राहिली हे खरं. शेजारीही बाहेर राहिले. पूर्वी माणसं दारात उभं राहून तासतासभर बोलत. आता दोन दारांमधल्या त्या कोठडीत कोण उभं राहणार? माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ‘ब’ विंगेतलं एक घर आहे. त्यांचा जिना वेगळा, लिफ्ट वेगळी. तिथे कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं.

मीटरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मी महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, विज्ञानाचा माणूस नव्हे. पण वाचून जे समजलं ते असं. पूर्वीची यंत्रं हवेतले कण नुसते मोजत. हवा एका बारीक उजेडाच्या रेषेतून ओढायची, कण त्या रेषेतून गेला की उजेड विखुरतो, किती विखुरला त्यावरून कणाचा आकार कळतो. केसाच्या जाडीचा तिसावा हिस्सा किंवा त्याहून लहान असे कण सर्वांत वाईट, कारण ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. नव्या मीटरनं एक पाऊल पुढे टाकलं. ते कणावर डोळ्यांना न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश टाकतं. त्या प्रकाशात प्रत्येक पदार्थ आपापल्या रंगानं क्षणभर चमकतो. कोळशाची राख वेगळी, फोडणीचा धूर वेगळा, उदबत्ती वेगळी, कापसाचा तंतू वेगळा. आणि माणूसही वेगळा.

माणूस बसल्याबसल्या सारखा झडत असतो. कातडीचे सूक्ष्म पापुद्रे, त्यांवरचं तेल, त्यांवर राहणारे जिवाणू, कपड्यांचे धागे, डोक्याला लावलेलं, अंगाला फासलेलं, ज्या वस्तूंत दिवसभर वावरतो त्यांची धूळ. या सगळ्यांचं एक ढगुलं आपण अंगाभोवती घेऊन हिंडतो. दोघांची ढगुली सहसा सारखी नसतात. मीटर माणसाला ओळखतं ते असं, त्याच्या सगळ्या संसारासकट. घरात माणसं किती यावर नळीतून किती हवा सोडायची ते ठरतं, आणि आग लागली तर आत किती जण आहेत हे बाहेरच्यांना कळतं. हवा किती स्वच्छ आहे त्यावरून घराला हिरवा, पिवळा, लाल असा दिवाही तेच देतं.

तर माझ्या घरात दुसरं माणूस होतं.

मीटरच्या पडद्यावर बोट ठेवलं की तपशील येतो. मी ठेवलं. ‘नवी व्यक्ती. सुती धागा. टाल्कम. खोबरेल.’ आणि खाली प्रश्न : ‘नाव द्यायचे?’

मी तिथेच स्टुलावर बसलो.

रजनीला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ती सुती साड्यांखेरीज काही नेसली नाही. आंघोळ झाली की पावडरीचा डबा मानेवर उपडा करायची. मी म्हणायचो, मारुतीला शेंदूर कमी लागतो. केसांना खोबरेल. आणि मी चहा ठेवला की ती कुठेही असली तरी स्वयंपाकघरात यायची, कारण साखरेच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. “सरका,” म्हणायची, “साखर मी घालते.”

मी शोध घेतला. खाली बसलेली धूळ पुन्हा उठते, याबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. गादीत, गोधडीत, पुस्तकांच्या पानांत कण वर्षानुवर्षं दडून राहतात आणि माणूस जवळून चालला की हवेत येतात. घरात तिनं शिवलेली गोधडी होती, मी ती रोज पांघरत होतो. म्हणजे अशक्य काही नव्हतं. मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, की आपण हे मानतो आहोत ते खरं वाटतं म्हणून, की हवंसं वाटतं म्हणून? मीटर मात्र रोज विचारत होतं, नाव द्यायचे? एका सकाळी मी पडद्यावर ‘रजनी’ लिहिलं.

त्यानंतर मी चहा जास्त पिऊ लागलो. चहा ठेवायचा, पंखा लावायचा, मीटरसमोर उभं राहायचं. थोड्या वेळानं आकडा बदलायचा. माणसे : २. पुंडलिक. रजनी. मी काही बोलत नसे. एकदा फक्त सवयीनं सरकलो.

केतकीचा फोन रविवारी येतो. माझी मुलगी पुण्याला असते. त्या रविवारी तिनं तब्येत विचारली नाही.

“बाबा, घरी कोण आहे?”

“कोणी नाही. मी आहे.”

“ॲपवर आईचं नाव दिसतंय.”

तिच्या फोनवर माझ्या घराचं मीटर दिसतं, हे मी विसरलो होतो.

“ते मीच लिहिलं,” मी म्हणालो.

“कशाला?”

“रोज विचारत होतं.”

मग तिच्या आवाजात ऑफिसातला आवाज आला. रडू येत असलं की येतो तो.

“बाबा, मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. पण तुमच्या घराचा दिवा पिवळा का येतोय, बघितलंत? मीटरला वाटतंय दोन माणसं आहेत, म्हणून हवा दुप्पट ओढली जातेय आणि गाळणी लवकर भरतेय. आणि माणूस नोंदलेला नसताना दिसतो म्हणजे एक तर घरात जुनी धूळ आहे, नाही तर कुठे तरी गळती आहे. रेवाच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलंय. सलग महिनाभर हिरवा नसेल त्या घरी तिला राहायला न्यायचं नाही.”

“हो.”

“मागच्या वेळचं आठवतंय ना?”

आठवत होतं. रजनीच्या तेरव्याला रेवा आली होती, पाच वर्षांची. संध्याकाळी तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि रात्र दवाखान्यात गेली. त्यानंतर माझ्या नातीनं माझ्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. मी पुण्याला जाऊन आलो होतो, पण दुसऱ्याच्या घरात मला कुठे बसावं ते कळत नाही, आणि मुलांना ते लगेच ओळखू येतं.

“ती नाताळची सुट्टी आजोबांकडे म्हणून बसलीय,” केतकी म्हणाली. “गोधडी धुवा. पुस्तकांना काचेची कपाटं करा. प्लीज.”

“करतो.”

“खरंच करा. ‘करतो’ म्हणता तुम्ही.”

मी केलं. सोसायटीचे तंत्रज्ञ मडावी यांनी पुस्तकांना काचेची कपाटं बसवून दिली, त्यांच्या दारांच्या कडेनं रबराची पट्टी लावली. “आता झुरळाचा श्वासपण जाणार नाही आत, सर,” असं त्यांनी सांगितलं. पुस्तकं आत गेली आणि घर एकदम दवाखान्यासारखं दिसू लागलं. कुठलंही पुस्तक काढायचं तर स्वयंपाकघराचा पंखा आधी लावायचा, मग दार उघडायचं. मी काढेनासा झालो.

गोधडी राहिली होती. रजनीच्या आणि तिच्या आईच्या जुन्या लुगड्यांची होती ती, मधे मधे माझं एक धोतरही होतं. ती धुवायची म्हणजे पायांनीच तुडवावी लागते. मी न्हाणीघरात पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून तिच्यावर उभा राहिलो आणि किती तरी वेळ पाय उचललाच नाही. मग रेवाच्या छातीतला तो आवाज आठवला. तुडवू लागलो. पाणी आधी मातकट निघालं, मग फिकट, मग स्वच्छ. ते स्वच्छ झालेलं मला बघवेना.

गोधडी वाळली त्या दिवशी मी भीतभीतच चहा ठेवला. पंखा लावला. मीटरकडे पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं.

माणसे : २. पुंडलिक. रजनी.

आता इथे माझ्यासारख्या वाचन करणाऱ्या माणसानं थांबायला हवं होतं. पुस्तकं काचेत गेली, गोधडी धुतली, तरी ती येते. म्हणजे ती गोधडीत नव्हती, पुस्तकांत नव्हती. मग होती कुठे? एवढा साधा प्रश्न. मला तो पडला नाही. मला फक्त आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली, कारण दिवा अजून पिवळाच होता.

पुढच्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, बाहेरच्या दाराची घंटा वाजली. माझ्याकडे कोणी येत नाही. बाहेरचं दार उघडून पाहिलं तर एक बाई उभी होती. साठी ओलांडलेली, उंच, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढलेला, हातात चष्म्याची डबी.

“तुम्ही निखाडे न जी?” तिनं विचारलं.

“हो.”

“मी उरकुडे. अनसूया उरकुडे. ‘ब’ विंग. तुमच्या भिंतीच्या तिकून राहते. आत येऊ का इथंच उभी राहून भांडू?”

मी बाजूला झालो. ती आत आली, खुर्चीवर बसली, काचेच्या कपाटांकडे पाहून म्हणाली, “बाप्पा. एवढी पुस्तकं, आन सगळी अटकेत.”

“भांडायचं काय आहे?” मी विचारलं.

“हां. तर ऐका. माझ्या मीटरवर महिनाभरापासून दोन माणसं येऊन राहिले. मी एकटी बाई. आमच्या विंगेत चर्चा चालू झाली का उरकुडेबाईनं भाडेकरू ठेवला, नोंद केली नाही. भाडेकरू म्हणतात तोंडावर. पाठीमागं काय म्हणत असतील, ते तुम्ही शिकलेले हाय, समजून घ्या.” ती हसली नाही, पण हसण्याच्या अगदी जवळ आली होती. “या वयात मले हे काम. मग त्या मडावीले बोलावलं. तो म्हणे भिंतीत फट हाय, पाइपाच्या मागं. माझा पंखा लागला का तुमच्याकडची हवा माझ्याकडं ओढून घेते. तुमचा लागला का माझी तुमच्याकडं. म्हणे फट तुमच्याकडून भरा लागते, तुमच्या कपाटाच्या मागं हाय. मी म्हटलं, जाऊन पाहावं, कोण हा माणूस जो रोज माझ्या घरात...”

दार उघडून कोणी आत आलं की त्याच्याभोवतीचे कण मीटरपर्यंत पोचायला मिनिटभर लागतं. मग मीटर आलेल्याचं नाव घेतं. एरवी ते माझंच नाव घेतं, मी भाजी घेऊन आलो की.

“रजनी घरी आल्या,” मीटर म्हणालं.

उरकुडेबाईंचं वाक्य अर्धं राहिलं.

“रजनी कोण व्हय?”

मी पडद्याकडे पाहत होतो. तिच्याकडे पाहणं शक्य नव्हतं. सुती साडी. पावडर. खोबरेल. चंद्रपुरातल्या त्या वयाच्या निम्म्या बायका. महाविद्यालयात नवी मुलं कामाला लागली की मी त्यांना पहिली गोष्ट शिकवायचो : पुस्तक उघडल्याशिवाय, नुसत्या पाठीवरच्या नावावरून, त्याला वर्गांक द्यायचा नाही. चुकीच्या फडताळात गेलेलं पुस्तक हरवल्यासारखंच असतं. आणि मी तीन शब्दांवरून एका जिवंत माणसाला माझ्या मेलेल्या बायकोच्या जागी ठेवलं होतं.

“माझी पत्नी,” मी म्हणालो.

“मग असतील न घरी?”

“नाही. दोन वर्षं झाली.”

तिनं मीटरकडे पाहिलं, स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती एसटीत वाहक होती, हे मला नंतर कळलं. तीस वर्षं लोकांची तोंडं वाचून तिकीट काढलं की नाही ते ओळखणाऱ्या बाईला जास्त सांगावं लागत नाही.

“म्हणजे मी...” ती म्हणाली. आणि मग, खालच्या आवाजात, “मी दारातून याले नव्हतं पायजे जी.”

“तुमचा काय दोष?”

“दोष नाही. पण नव्हतं याले पायजे.”

चहा विचारायला हवा होता, पण चहा हा शब्द माझ्या तोंडून निघेना.

“तुमाले एक सांगू?” ती शेवटी म्हणाली. “माझ्या मीटरनं मलेपण विचारलं होतं नाव. तुमच्यात लई जुना कागद दाखवत होता. जुना कागद, जुना कागद. मले वाटलं, माझ्या तिकिटांचाच असंल. पयलेची कागदी तिकिटं, त्याचा डबा आहे अजून माझ्याकडं. वाटलं, त्यातलंच कोणी तरी पॅसेंजर उतरायचं राहून गेलं. म्हणून मी तुमचं नाव ठेवलं.”

“काय?”

“विनातिकीट.”

मी हसलो. हसू आलं ते मलाच अनोळखी वाटलं. तीही हसली, मग उठली. दारात म्हणाली, “फट भराची का नाही ते तुम्ही पाहा. माझं काय, लोक बोलतात आन विसरतात. तुमची नात येणार हाय म्हणे, मडावी सांगत होता.”

“हो.”

“मग भरा,” ती म्हणाली आणि दोन दारांमधून गेली.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी मडावींना बोलावलं नाही. आता मला माहीत होतं. तरी चहा ठेवला, पंखा लावला आणि पडद्यावर नाव आलं की छातीत तेच व्हायचं जे आधी व्हायचं. माहिती एका जागी असते आणि सवय दुसऱ्या. नाव बदलून ‘उरकुडे’ करणं हे सरळ होतं; बोट पडद्यापर्यंत गेलंही, पण दाबलं गेलं नाही. एक मात्र बदललं. पूर्वी मी नाव दिसलं की उभा राहायचो. आता भिंतीपलीकडे कोणी तरी खुर्ची सरकवतं आहे, भांडं ठेवतं आहे, असं वाटायचं आणि मी संकोचून स्वयंपाकघरातून बाहेर यायचो.

केतकीचा फोन आला. मागून रेवा बोलत होती, आजोबांना सांग माझी बॅग निळी आहे. तिला दम लागतो तेव्हा ती वाक्य मधेच सोडते, हे मला माहीत होतं. तिनं वाक्य मधेच सोडलं नाही. ‘माझी बॅग निळी आहे आणि तिला चाकं आहेत.’

मी मडावींना बोलावलं.

ते हत्यारं घेऊन आले. सिंकखालचं कपाट त्यांनी सरकवलं. मागे पाइपाच्या कडेला बोट जाईल एवढी फट होती; आत भरलेला बांधकामाचा मसाला वाळून भुगा झाला होता. एवढीशी फट. मडावींनी पिचकारी हातात घेतली.

“थांबा,” मी म्हणालो. “चहा घेता?”

“घेऊ ना, सर. साखर कमी.”

मी चहा ठेवला. पंखा लावला. फटीतून हवा आली ती हाताला लागत नव्हती, पण तिथे पडलेला भुगा जरासा हलला. आम्ही दोघं चहा प्यायलो. मीटरवर ‘माणसे : ३’ होतं. पुंडलिक. रजनी. नवी व्यक्ती.

“हे तिसरं मी का, सर?” मडावी म्हणाले.

“तुम्ही.”

कप खाली ठेवून मी म्हणालो, “भरा आता.”

मसाला फसफसत आत गेला आणि फुगून बसला. मडावी गेल्यावर मी पंखा बराच वेळ चालू ठेवला. माणसे : १. रजनीचं नाव पडद्यावरून गेलं नाही, नुसतं करडं झालं. घरातला माणूस बाहेर गेला की मीटर त्याचं नाव करड्या अक्षरांत ठेवतं.

दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा झाला आणि महिना उलटला तरी हिरवाच राहिला.

रेवा नाताळात आली. निळी बॅग आपल्या हातानं ओढत दोन्ही दारांतून आत आली आणि मीटर आपल्याला काय म्हणतं ते ऐकायला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मीटर म्हणालं, नवी व्यक्ती. तिनं स्वतः खुर्चीवर चढून आपलं नाव लिहिलं. मग पडदा वाचू लागली. ती सगळं मोठ्यानं वाचते.

“पुं-ड-लि-क. हे तुम्ही. रजनी. हे आजी ना? हे करडं का आहे, आजोबा?”

“माणूस घरात नसलं की करडं होतं.”

“म्हणजे आजी बाहेर गेलीय?”

केतकी दारातच उभी होती, हातात चपला.

“हो,” मी म्हणालो. “बाहेर गेलीय.”

रेवाला तेवढं पुरलं. तिनं कपाटांच्या काचेला नाक लावून पुस्तकं मोजायला घेतली. दुपारी ती रजनीच्या धुतलेल्या गोधडीवर झोपली. मी शेजारी बसून ऐकत होतो. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. शिट्टी नव्हती. मी संध्याकाळ होईपर्यंत तेवढंच ऐकलं, आणि त्या वेळात मला दुसऱ्या कशाचीही आठवण झाली नाही, हे खरं सांगायला हवं.

सुट्टी संपली, त्या गेल्या. पडद्यावर रेवाचं आणि केतकीचं नाव करडं झालं. आता माझ्याखेरीज सगळीच नावं करडी होती.

जानेवारीत मीटरनं विचारायला सुरुवात केली. ‘रजनी या व्यक्तीचे कण बऱ्याच दिवसांत आढळले नाहीत. नाव काढायचे?’ रोज सकाळी. मी ‘नंतर’ दाबायचो. एका सकाळी चहा ठेवून, पंखा न लावता, मी पडद्यासमोर उभा राहिलो. हे नाव तिचं नव्हतंच. रजनी या पडद्यावर कधी आलीच नव्हती. हे मीटर ती गेल्यानंतर बसलं. ते नाव तसंच ठेवून मी दोघींशीही खोटं वागत होतो. मी ‘काढा’ दाबलं. मला वाटलं होतं काही तरी आवाज होईल. ओळ नाहीशी झाली आणि खालची नावं एक पायरी वर सरकली, बस.

त्या दिवशी मी चहात साखर घालायला विसरलो.

दुपारी मी मास्क लावला आणि खाली उतरलो. ‘ब’ विंगेत जायला अंगण ओलांडावं लागतं. अंगण धुरक्यानं इतकं पिवळट होतं की समोरचा जिना दिसत नव्हता. मी कठड्याला हात लावून गेलो. लिफ्टमध्ये तीनदा वाटलं, परत जावं. काय सांगणार? की फट भरल्याबद्दल विचारायला आलो? महिना होऊन गेला होता. घंटा वाजवल्यावर तर नक्कीच वाटलं.

“या जी,” उरकुडेबाई म्हणाली, जणू मी रोज येत होतो. “मी म्हटलं होतं, हा माणूस दारातून याले वर्ष लावते.”

घर माझ्या घराचीच उलटी प्रत होती. माझं जे डावीकडे, ते तिचं उजवीकडे. फडताळावर ॲल्युमिनियमचा तिकिटांचा डबा होता, आत रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि भोक पाडायचा चिमटा. तिनं दाखवलेल्या खुर्चीवर मी बसलो. ती समोर बसली. आम्ही दोघंही तिच्या मीटरकडे पाहू लागलो.

“आता बोलंल पाहा,” ती म्हणाली. “विनातिकीट आले म्हणून. मी नाव काढलं नाही अजून.”

मिनिट गेलं.

“नवी व्यक्ती,” मीटर म्हणालं. “नाव द्यायचे?”

“असं काहून?” तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. “एवढे दिवस वळखत होता न हा तुमाले. पक्कं वळखत होता.”

मला कारण कळलं. पुस्तकं काचेत गेली होती, माझ्या अंगावर आता जुना कागद नव्हता. गोधडी धुतली होती. त्या मीटरनं जो माणूस ओळखला होता तो आता कुठेच राहत नव्हता. हे सगळं नीट क्रमानं सांगता आलं असतं.

ती उठली, डबीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पडद्यावर बोट टेकवून माझ्याकडे वळली.

“काय लिहू?”

“पुंडलिक,” मी म्हणालो. आवाज नीट फुटला नाही, म्हणून मी पुन्हा एकदा सांगितलं.